वाटाघाटीत नापास

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटात माझ्याशी भाव करून कोणी हसत घरी गेला असेल तर त्याने पुढे यावं. चौदा वर्षांत असा माणूस मला भेटलेला नाही. आणि सरकारी विद्यापीठाच्या एमबीएच्या गुणपत्रिकेवर माझ्यासमोर छापलं होतं: वाटाघाटी, शंभरपैकी छत्तीस, अनुत्तीर्ण. बाकी सगळ्या विषयांत पास. हिशेबशास्त्रात पास, ज्यात नावे कुठे आणि जमा कुठे हे मी आजही शेजारच्याला विचारते. संख्याशास्त्रात पास, ते कसं हे तपासणाऱ्यालाच माहीत. जो विषय मी उभ्याउभ्या शिकवला असता, त्या एकातच नापास.

ज्यांची मुलं आता बी.कॉम. झाली आहेत असे लोक मला विचारतात, सरकारी विद्यापीठात एमबीए करावं का, तिथे काय असतं. मी सगळं सांगते. पण आधी मी तिथे का गेले हे सांगते, नाहीतर पुढचं काहीच पटणार नाही. मी रागाने गेले.

आमचं काम साडीवर खडे चिकटवण्याचं. मार्केटातून साड्यांचे गठ्ठे लिंबायतला, आमच्या वस्तीत, आणायचे, घरोघरच्या बायकांना वाटायचे, त्या चिमट्याने एकेक खडा डिंकावर बसवतात, आणि साड्या परत मार्केटात. मी सात वर्षं स्वतः खडे चिकटवले. मग गठ्ठे आणणारी झाले. आता माझ्याकडे तीसेक बायका आहेत. चिमटा त्यांच्या हातात, पण एका साडीमागे काय मिळणार हे माझ्या आणि शेठच्या हातात. शेठ म्हणजे ज्यांच्या दुकानाचं काम मी पहिल्यापासून करते ते गुजराती व्यापारी. पोट मोठं, आवाज बारीक, आणि दिलेल्या शब्दाला पक्के.

आमची भाव ठरवायची रीत वेगळी होती. माझे वडील सुरतेला मागावर यायच्या आधी खान्देशात बैलबाजारात दलाली करायचे. तिथे आकडा तोंडाने बोलत नाहीत. दोघे हातात हात घेतात, वर उपरणं टाकतात आणि बोटं दाबून बोलतात. जितकी बोटं दाबली तितका आकडा; पाचाच्या वर असेल तर आधी अख्खा पंजा, मग उरलेली बोटं. भोवती वीस माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. मी लहान असताना वडील गोधडीखाली हात घालून माझ्याशी हाच खेळ खेळायचे. मी पाच बोटं दाबली की ते दोन दाबायचे, आणि मी रडायला लागले की तीन.

शेठच्या गादीपाशी माझ्यासारखे पाचसहा काम घेणारे कायम उभे असत. एकाचा भाव दुसऱ्याने ऐकला की तोही तेवढाच मागणार. म्हणून पहिल्याच वर्षी मी समोरची साडी ओढून आम्हा दोघांच्या हातांवर टाकली आणि बोटं दाबली. शेठ दचकले. मग त्यांना कळलं. मग इतकी गोडी लागली की माझ्याशी दुसऱ्या कुठल्या प्रकारे बोलणंच त्यांनी सोडलं. चौदा वर्षं मी भाव तोंडाने उच्चारला नाही. माझा पुढे जो घात झाला तो याच सवयीने.

मग दुकानात काचेची केबिन आली आणि केबिनमध्ये मॅनेजर आला. पंचवीस वर्षांचा, खाजगी कॉलेजातून एमबीए झालेला. भाव आता तो ठरवणार होता. त्या वर्षी खडे बारीक झाले होते, मोहरीएवढे. बारीक खडा म्हणजे वेळ दुप्पट आणि डोळ्यांना पाणी. मी त्याच्यासमोर बसले आणि सवयीने साडी पुढे ओढून त्याचा हात धरला. त्याने तो असा झटकला, जणू हाताला पाल लागली.

"आंटी, रेट शीट में है."

"तो शीट को बोलो, स्टोन छोटा हो गया."

"ये बार्गेनिंग का मामला नहीं है, आंटी. आपने एमबीए किया है?"

केबिनचं दार उघडं होतं. गादीवरचे सगळे हसले. शेठही हसले. मी बाहेर येऊन शेठना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा चहाचे ग्लास घेऊन चहावाला आत येत होता, तो दारातच थांबला एवढं सांगते. शेठ घाबरून म्हणाले, "बेन, गुस्सो ना करो. तमे एमबीए करी आवो, पछी भाव तमे बोलजो. हुं ना नहीं पाडुं."

तुम्ही एमबीए करून या, मग भाव तुम्ही बोला, मी नाही म्हणणार नाही. चहावाल्याने ऐकलं. दोन हमालांनी ऐकलं. मार्केटात एवढं पुरतं.

बी.ए. मी खडे चिकटवता चिकटवता बाहेरून केलं होतं, इतिहास घेऊन. आधी मी त्या मॅनेजरच्याच खाजगी कॉलेजात चौकशीला गेले. फी ऐकली. मी निम्मी सांगितली. समोरची मुलगी म्हणाली, "मॅम, वी डोन्ट डू दॅट." मी उठून दारापर्यंत गेले आणि जरा रेंगाळले. तिने हाक मारली नाही. धंद्यात पडल्यापासून पहिल्यांदा मला कोणी दारातून परत बोलावलं नाही. मग प्रवेश परीक्षा देऊन मी सरकारी विद्यापीठात गेले. तिथे फी थोडी, पण छापलेली. मी खिडकीतल्या कारकुनाला निम्मी सांगितली तेव्हा त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. नुसतं छापलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. एकच बोट.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि साठ मुलं उठून उभी राहिली. साडी आणि वय बघून त्यांना मी प्राध्यापिका वाटले. मी म्हणाले, बसा. बसली. खऱ्या प्राध्यापिका त्या दिवशी आल्या नाहीत, म्हणून मी मुलांना पंख्याखाली नीट बसवलं, मागच्या दोघांना मोबाइल ठेवायला सांगितला आणि एक तास साडीच्या धंद्याबद्दल बोलले. काहींनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यातच बाकावर बसलेली दिसले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यानंतर मी सगळ्यांची मासी, म्हणजे मावशी, झाले.

तर सरकारी विद्यापीठात काय असतं? बाकं असतात, ती चांगली असतात. ग्रंथालय असतं, तिथे गारवा असतो. प्रोजेक्ट असतात, पाच-पाच जणांच्या गटात. एक करतो, चौघं त्याला धीर देतात. शिकवणारे बरे असतात, काही तर फार चांगले. आणि हजेरी असते. लग्नसराईच्या हंगामात माझ्याकडे गठ्ठ्यांचा ढीग असायचा, मी वर्गात जाऊ शकायची नाही, विषय मागे राहायचे. दोन वर्षांच्या कोर्सला माझं चौथं वर्ष लागलं. आणि नियम असा की चार वर्षांत आटपलं नाही तर प्रवेश रद्द. पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यापासून म्हणजे पुन्हा ती साठ मुलं उभी राहणार.

वाटाघाटींचा विषय शेवटच्या सत्रात होता. तो मी मिठाईसारखा मागे ठेवला होता. शिकवायला माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या मॅडम होत्या, मनाने साफ, हसऱ्या. त्यांचं म्हणणं असं की खऱ्या वाटाघाटीत दोघंही जिंकतात. मी विचारलं, "मग हरतं कोण?" त्या म्हणाल्या, "कोणीच नाही." मी म्हणाले, "मॅडम, मग दोघं भेटलीच कशाला?"

तोंडी परीक्षेत दहा गुणांसाठी नाटक करायचं होतं. चिठ्ठ्या वाटल्या. समोरचा मुलगा यंत्र विकणारा, मी घेणारी. मॅडम म्हणाल्या, सुरू करा. मुलगा घडाघडा बोलू लागला. मी गप्प. आधी बोलेल तो गेला, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याचं बोलून संपलं. मी त्याच्या जवळ सरकले, पदर त्याच्या हातावर टाकला आणि आतून त्याची तीन बोटं दाबली.

वर्गात जो गोंधळ झाला तो सांगता येत नाही. कोणी शिट्टी मारली. तो मुलगा लाल झाला आणि मॅडमकडे बघत म्हणाला, "मॅम, मासी मारो हाथ पकडे छे!" मी म्हणाले, "हात नाही धरत रे, भाव सांगतेय!" पण पदराखालून सांगितलेला भाव मॅडमच्या कागदावर कुठल्या रकान्यात बसणार? संवादकौशल्य: शून्य. युक्तिवाद: शून्य. दहापैकी शून्य.

लेखी पेपरात प्रश्न होता, वाटाघाटींचे टप्पे लिहा. मी लिहिलं: चहा येईपर्यंत विषय काढू नये. समोरच्याने आकडा सांगेपर्यंत आपण सांगू नये. जमत नसेल तर उठून निघावं. हाक आली तरी लगेच वळू नये. तपासणाऱ्याने लाल शाईने लिहिलं होतं, टप्पे सात आहेत.

चाळीसला पास, मला छत्तीस. चार कमी. मी गुणपत्रिका घेऊन त्याच खिडकीवर गेले. कारकून तोच.

"मार्केटिंगमध्ये मला एकाहत्तर आहेत," मी म्हणाले. "मला एवढे नकोत. त्यातले दहा काढा. चार इकडे घाला."

"बेन, मार्क्स ट्रान्सफर ना थाय."

"पैसे होतात, शाळेचे दाखले होतात, माणसं होतात. मार्क का नाही?"

त्याने चष्मा काढला. "ने बाकीना छ?"

"ते सहा विद्यापीठाला ठेवा."

मग त्याने खरंच कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं आणि असं काही आहे का ते शोधू लागला. मागे रांग वाढत होती. असं काही नव्हतं. पण त्याला एक नियम सापडला: एकाच विषयात राहिलेल्यांना नाटकाची ती दहा गुणांची परीक्षा पुन्हा एकदा देता येते, बाहेरच्या परीक्षकासमोर. एकदाच. त्यात चार मिळाले तर पास, नाहीतर चार वर्षं पाण्यात. मी अर्ज भरला. त्याने शिक्का मारला आणि खिडकीवर 'साहेब जमवा गया छे', साहेब जेवायला गेलेत, अशी पाटी लावली. साहेब तोच होता.

घरी माय साडीचे दोरे कापत बसली होती. मी रागात सगळं सांगितलं. ती आमच्या घरात आजही अहिराणीच बोलते. म्हणाली, "चार मार्कसाठे इतला संताप कसाले? तुना बापनी बोटंवर बैल इकात. तुले चार मार्क येतस नही?"

"बैलाचे दात दाखवता येतात, माय. मी काय दाखवू?"

"तू तुना दात दखाड. बठ्ठा मार्केट त्यासलेच भ्यास."

माझ्या दातांना सगळं मार्केट भितं, हे तिने माझं कौतुक म्हणून सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी एका खोलीत हिरवं कापड घातलेलं टेबल होतं, कापड गुडघ्यापर्यंत लोंबत होतं. एका बाजूला मॅडम कागद घेऊन बसल्या होत्या. दारात माझे वर्गमित्र गर्दी करून उभे होते. मासी पुन्हा कोणाचा हात धरते ते त्यांना बघायचं होतं. मॅडम म्हणाल्या, या वेळी उद्योगातले तज्ज्ञ बोलावले आहेत, म्हणजे सगळं खऱ्यासारखं होईल. आणि तज्ज्ञ आत आले. सफारी सूट, गळ्यात ओळखपत्र, कपाळावर घाम. माझे शेठ.

"बेन, तमे?"

"शेठ, तुम्ही? तुम्ही तर बारावी."

"इन्डस्ट्री एक्सपर्ट," शेठ म्हणाले आणि मला ओळखपत्र दाखवलं.

मॅडमनी विचारलं, "आप दोनों पहचानते हैं?"

"मार्केट में सब सबको पहचानते हैं," शेठ म्हणाले. खोटं नव्हतं.

मॅडमनी समजावलं. सर माल घेणारे, मी पुरवणारी. दोघांनी बोलून तोडगा काढायचा. गुण सर देतील, दहापैकी. माझ्या लगेच लक्षात आलं आणि शेठच्याही. आज शेठनी मला पास केलं तर उद्या दुकानात भाव मी बोलणार आणि ते नाही म्हणू शकणार नाहीत. माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान कशाला करेल? पण त्यांचे डोळे वेगळंच काही सांगत होते. केबिनमधल्या शीटच्या भावात बायका घाईने खडे चिकटवत होत्या, आणि मधल्या हंगामात शेठच्या साड्या गाठोडीच्या गाठोडी परत आल्या होत्या, खडे गळून नुसतेच डिंकाचे ठिपके उरलेल्या. ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही.

"शुरू कीजिए," मॅडम म्हणाल्या.

मी गप्प. शेठ गप्प. पंखा फिरत होता. आधी बोलेल तो गेला. दारातली मुलं श्वास रोखून उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"शुरू कीजिए ना," मॅडम म्हणाल्या.

"शुरू हो गया है, मॅडम," शेठ म्हणाले.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग शेठनी पेनचं टोक त्या कागदावरच्या 'दहापैकी' या शब्दावर दोनदा टेकवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा उजवा हात हिरव्या कापडाखाली गेला.

माझाही गेला. बाहेरून दोन माणसं एकमेकांकडे रोखून बघत बसली होती, बस. आत शेठचा हात, ओळखीचा, घामट. काही दाबलं नाही त्यांनी. वाट बघत होते. आणि इथे माझ्याकडून ते झालं, जे वडिलांनी मला गोधडीखाली पाचव्या वर्षी करू दिलं नसतं. चार वर्षांचा राग डोक्यात, दारात पोरं, खिडकीवरचा तो कारकून, मॅनेजरचं ते 'आंटी', सगळं एकदम. मी शेठची चार बोटं दाबली.

दाबली आणि कळलं. दहा दाबायला हवी होती. निदान नऊ. पहिल्यांदाच मी गरजेएवढंच मागितलं होतं, आणि आमच्या रीतीत एकदा दाखवलेल्या आकड्याच्या वर जाता येत नाही.

शेठच्या मिशीचं टोक जरासं हललं. त्यांनी एक बोट सोडवून घेतलं. तीन.

तीन म्हणजे नापास. मी त्यांच्या करंगळीला असा चिमटा काढला की सात वर्षं खडे बसवून बोटांत आलेली सगळी ताकद त्यात होती.

"आह!"

"सर, ठीक तो है?" मॅडमनी विचारलं.

"मच्छर छे," शेठ म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

चार.

शेठनी हात बाहेर काढला, फुंकला, आणि कागदावर चारचा आकडा लिहिला. ना एक कमी, ना एक जास्त. मॅडमनी कागद पाहिला आणि मनापासून म्हणाल्या, इतक्या शांतपणे दोघांनी एकमेकांचं ऐकून घेतलं असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दोघंही जिंकले. दारातली मुलं टाळ्या वाजवू लागली. मी वाटाघाटीत पास झाले, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा तोच होता.

पदवीचा कागद मिळाला त्या दिवशी मी तो प्लास्टिकमध्ये घालून दुकानात गेले. चहावाला होता. हमाल होते. गादीपाशी काम घेणारे पाचजण उभे होते. केबिनमधल्या मॅनेजरने काचेतून कागद वाचला आणि खाली बघितलं. शेठनी एक साडी ओढून घेतली, करंगळी जरा सांभाळत हात पुढे केला. "बोलो, एमबीए बेन."

मी साडी घडी करून बाजूला ठेवली.

"शेठ, आता तोंडाने बोलते. संवादकौशल्य." आणि मी भाव सांगितला, मनात होता त्याच्या दुप्पट, अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल असा. पाचही जणांच्या माना वळल्या.

"धीमे, बेन, धीमे!"

शेठनी शब्द दिला होता, त्यामुळे नाही म्हणता येईना. ते नुसते गप्प बसले. चहा आला, संपला. मी उठले आणि निघाले. जिन्यापाशी हाक आली. मी लगेच वळले नाही. दुसरी हाक आली, तिसरी आली. मनात होता त्या भावाला सौदा झाला, आणि पाचजणांनी ऐकल्यामुळे त्यांनाही तोच द्यावा लागला. शेठ आता मला दुकानात बघितलं की आधी दार लावून घेतात.

बायका खूश आहेत. माय म्हणते, आता तरी शांत हो. पण ते उरलेले सहा गुण माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी दहा मागितले असते तर सात नक्की मिळाले असते. म्हणून मी फेरतपासणीचा अर्ज केला आहे. कारकून म्हणतो, "बेन, पास तो थई गया, हवे शुं जोईए छे?" मी त्याला सांगते, या वेळी मी दहापासून सुरू करणार आहे. तो खिडकीवर पाटी लावतो आणि जेवायला जातो. मी बाकावर बसून वाट बघते. आधी बोलेल तो गेला.